उपदेशक पाहू नये काय?

‘तुम्ही उपदेश पाहा, उपदेशक पाहू नका,’ हे वाक्य अलीकडे ख्रिस्ती उपासनामंदिरांतून वारंवार कानी पडू लागले आहे. एका विद्वान पाळकांच्या मुखातून ते आम्ही नागपुरास ऐकले. पुढे आमच्या भिवापुराकडे आलेल्या एका फिरत्या उपदेशकांनी तेच थोड्या निराळ्या शब्दांत सांगितले. आणि मोबाईलवर घरबसल्या ऐकू येणाऱ्या प्रवचनांत तर ते इतके रुळले आहे की, ते शास्त्रातलेच वचन असावे असा भोळ्या माणसांचा समज व्हावा. वाक्य लहान आहे, नम्रतेचा वेष घेऊन आलेले आहे, आणि म्हणूनच त्याची झडती घेण्याचे आम्ही योजिले आहे. आमच्या मते या वाक्याने पाळकाची सोय होते, मंडळीचीही सोय होते. गैरसोय होते ती मात्र ज्याच्या नावाने हे सारे चालले आहे त्या ख्रिस्ताच्या शिकवणीची.

प्रतिपक्षाची बाजू आधी दुबळी करून मग ती खोडण्यात पुरुषार्थ नाही. म्हणून ती तिच्या पूर्ण बळानिशी मांडतो. ३०३ साली रोमन बादशहा डायोक्लेशियन याने ख्रिस्ती लोकांचा छळ आरंभिला. पवित्र ग्रंथ जाळण्यासाठी सरकारात आणून द्यावेत असा हुकूम सुटला, आणि उत्तर आफ्रिकेतील कित्येक धर्माधिकाऱ्यांनी जिवाच्या भीतीने तो पाळला. छळ सरल्यावर प्रश्न उभा राहिला की, अशा भेकड माणसाच्या हातून मिळालेली दीक्षा आणि त्याने दिलेला बाप्तिस्मा खरा मानावा की नाही? डोनॅटस याच्या अनुयायांनी ‘नाही’ म्हणून सांगितले व आपली चूल वेगळी मांडली. ३१४ साली आर्ल येथील धर्मसभेने निर्णय त्यांच्याविरुद्ध दिला. आणि पुढे सुमारे शतकभराने हिप्पोचे धर्माध्यक्ष ऑगस्टिन यांनी या वादाचा तात्त्विक निकाल लावला. संस्कार हा ख्रिस्ताचा आहे, तो देणाऱ्या माणसाचा नाही, म्हणून देणाऱ्याच्या पापाने तो विटाळत नाही, असे त्यांचे म्हणणे. टपालवाला व्यसनी निघाला म्हणून त्याने आणलेले पत्र खोटे ठरत नाही. हा निर्णय आम्हांस सर्वथा मान्य आहे. तो नसता तर प्रत्येक ख्रिस्ती माणसास आपला बाप्तिस्मा खरा की खोटा, या चिंतेने आपल्या पाळकाच्या खिडकीशी रात्रभर कान लावून बसावे लागले असते.

परंतु पाळकमहाशय येथेच एक हातचलाखी करितात. संस्काराविषयी जे खरे तेच उपदेशाविषयीही खरे, असे ते गृहीत धरून चालतात. बाप्तिस्म्यात पाळक स्वतःचे काही सांगत नाही. ठरलेले शब्द उच्चारून, ठरलेले पाणी घालून तो बाजूस होतो. उपदेशात मात्र तो उभा राहून म्हणतो की, क्षमा करणे शक्य आहे, पैशाचा लोभ सोडता येतो, शत्रूवर प्रेम करिता येते. ही पत्र पोहोचविण्याची कामगिरी नव्हे; ही साक्ष आहे. आणि साक्षीदार कोण, तो जागेवर हजर होता की नाही, हे न पाहता साक्ष ग्राह्य धरणारे न्यायालय आम्हांस तरी ठाऊक नाही. ज्या ऑगस्टिन यांची ढाल पुढे केली जाते त्यांचेच मत पाहावे. ख्रिस्ती शिकवणीवरील आपल्या ग्रंथाचा चौथा भाग त्यांनी उतारवयात, ४२६ च्या सुमारास, पुरा केला. वक्तृत्वाचे जन्मभर शिक्षण घेतलेल्या व दिलेल्या या माणसाने तेथे स्पष्ट सांगितले आहे की, ऐकणाऱ्याने ऐकल्याप्रमाणे वागावे असे वाटत असेल तर शब्दांच्या भव्यतेहून बोलणाऱ्याच्या जीवनाचे वजन अधिक पडते. वाईट माणसाच्या उपदेशानेही कित्येकांचे हित होते, हेही ते नाकारीत नाहीत. पण तोच माणूस बोलल्याप्रमाणे वागता तर याहून कितीतरी अधिकांचे हित झाले असते, असे लगेच बजावतात. अर्धे वाक्य उचलून उरलेले मागे ठेवणे हा वकिलीत एक वेळ खपणारा प्रकार आहे. उपदेशपीठावर तो खपू नये.

आमचे भिवापूर हे नागपूर जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. मिरचीसाठी त्याचे नाव दूरवर गेले असून त्या मिरचीस भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. पोत्याच्या तोंडाशी रचलेला माल पाहून मिरचीचा सौदा करणारा मनुष्य फार दिवस व्यापारात टिकत नाही. जाणता गिऱ्हाईक पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळाची मूठ बाहेर काढतो. माल वजनासाठी ओला केला आहे की काय, हे बोटांनी ताडतो. ‘माल पाहा, पोते उपसू नका,’ असे त्यास कोणी सांगितले तर तो हसत पुढच्या दुकानी जाईल. अशा गावात पाळकाचे जीवन खाजगी राहूच शकत नाही. किराण्याची उधारी त्याने केव्हा फेडली, नळावरच्या भांडणात तो कोणाच्या बाजूने बोलला, धुणेभांडी करणाऱ्या बाईस त्याच्या घरी कोणत्या कपात चहा मिळतो, मुलाच्या लग्नात त्याने काय मागून घेतले, हे सर्व रविवारची घंटा होण्यापूर्वीच मंडळीस ठाऊक झालेले असते. शहरातील मोठ्या मंदिरात किंवा मोबाईलच्या काचेमागे हा तळ झाकता येतो. म्हणूनच ‘उपदेशक पाहू नका’ हे तत्त्व शहरात जन्मले व काचेमागे वाढले, असा आमचा संशय आहे.

मराठी ख्रिस्ती इतिहासात ज्या उपदेशास सर्वांत मोठे फळ आले, तो कोणत्याही उपासनामंदिरात झालेला नाही. १८९३ च्या सुमारास नारायण वामन टिळक नागपुराहून राजनांदगावास आगगाडीने चालले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ होते. त्यांनी टिळकांशी अगत्याने गोष्टी केल्या, त्यांचे म्हणणे ऐकून घेतले, आणि निरोप घेताना नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती ठेविली. त्या काळी गोऱ्या माणसाने काळ्या माणसास डब्यात कसे वागवावे याचा प्रघात वाचकांस ठाऊक आहेच. या गृहस्थांचे वागणे त्या प्रघाताच्या उलट होते. टिळक ते पुस्तक वाचू लागले, डोंगरावरील प्रवचनाशी आले, आणि तेथे जे अडकले ते सुटले नाहीत. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.  व्यासपीठ नव्हते, ध्वनिक्षेपक नव्हता. होती ती एकमेकांसमोरची दोन आसने आणि दोन माणसांमधले बरोबरीचे वागणे. (आमच्या भिवापुरावरून नागभीडकडे जाणारी अरुंद रुळांची गाडी आता इतिहासजमा झाली आहे. तिच्यात प्रवाशांचे गुडघे एकमेकांस लागत असत, आणि तशा बैठकीत ढोंग करून बसणे फार कठीण असे, एवढे येथे नमूद करून ठेवितो.)

यावर कोणी म्हणेल की, मग निर्दोष मनुष्यच उपदेश करू शकेल, आणि असा मनुष्य मिळणे नाही. सबब उपदेशच बंद पडेल. या आक्षेपास आमच्याजवळ एका बाईंचे उत्तर आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. त्यांत त्यांनी आपल्या पतीचा तापटपणा झाकला नाही, लहर लागली की घरचे किडूकमिडूक दुसऱ्यास देऊन टाकण्याची त्यांची सवय झाकली नाही, न सांगता निघून जाणे झाकले नाही. पतीने धर्मांतर केल्यावर त्या कित्येक वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. प्रथम जातिभेदाविषयीचे त्यांचे स्वतःचे मत पालटले, आणि मग १९०० साली त्यांनी आपल्याच विचाराने बाप्तिस्मा घेतला. ज्या माणसाच्या शब्दावर सारा महाराष्ट्र डोलत होता, त्याच्या शब्दांनी त्याची पत्नी वळली नाही. त्याच्या दोषांसकट त्याचे जगणे जवळून पाहिल्यावर ती वळली. हीच बाई पुढे १९३३ साली नागपुरास भरलेल्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाची अध्यक्ष झाली. आम्ही निर्दोष पाळक मागत नाही. ज्याचे दोष उघड्यावर आहेत आणि ज्याचे उपदेशाशी चाललेले भांडणही उघड्यावर आहे, असा पाळक मागतो. तापट मनुष्याने ‘मी तापट आहे’ म्हणून क्षमेवर बोलावे, लोक ऐकतील. आपण कधी रागावतच नाही असा चेहरा करून तो बोलू लागला म्हणजे मागच्या बाकावर बसलेली त्याची मुले खाली मान घालितात, आणि मंडळी मुलांकडे पाहते.

पैशाचा प्रश्न याला चिकटूनच आहे. टिळकांनी अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनमध्ये वर्षानुवर्षे काम केले, शेकडो गीते लिहिली, कीर्तने केली. आणि १९१७ साली मिशनचे वेतन सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांस व न घेतलेल्यांसही जागा होती. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९१९ च्या मे महिन्यात, ते वारले. दरबार त्यांच्यामागे फारसा टिकला नाही, म्हणून व्यवहारी लोक तो फसला असे म्हणतात. फसला असेल. पण वेतन देणाऱ्याच्या दृष्टीने उपदेश तोलण्याची सवय लागली की जीभ कशी हळूहळू बोथट होते, हे ज्याने आतून जाणले, त्याचे ते पाऊल होते. पाळकाने उपाशी राहावे असा याचा अर्थ नव्हे. करिंथ नगरीत तंबू शिवून पोट भरणारा पौल दुसऱ्या ठिकाणच्या मंडळीची मदत घेत होताच. आमचा आक्षेप वेतनावर नाही. वेतन, बंगला व बदली या तिहींचा हिशेब पाहून ज्यातून जातीचा, हुंड्याचा आणि मंडळीतल्या बड्या घराण्याच्या जमिनीचा विषय दर वेळी अलगद गळून पडतो, अशा उपदेशावर आहे.

सत्तेच्या आधाराने उपदेश करण्याचे काय होते, हे पाहावयास गोव्यात जावे लागेल. साष्टीत पोर्तुगीज सत्तेने १५६७ च्या सुमारास देवळे पाडली. त्याचे समर्थन करणारा ख्रिस्ती मनुष्य आम्ही ख्रिस्ताचा अनुयायी समजत नाही. त्याच साष्टीत १५७९ साली गोव्यास उतरलेला थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट सुमारे चाळीस वर्षे राहिला. तो येथली भाषा नुसती शिकला नाही, तर तीत असा मुरला की, १६१६ साली राशोल येथे छापलेल्या त्याच्या ‘ख्रिस्तपुराणा’त जवळजवळ अकरा हजार ओव्या आहेत. पुढे १६८४ साली त्याच सत्तेने देशी भाषांवर बंदीचा हुकूम काढला. हुकूम काढणाऱ्यांची नावे आता दप्तरात शोधावी लागतात; ओव्या मात्र मराठीचा अभ्यासक आजही वाचतो. स्टीफन्सच्या अंगी प्रतिभा होती हे खरेच. पण चाळीस पावसाळे एकाच मुलखात काढल्यावाचून ती ओवी त्याच्या तोंडी बसली असती काय?

आणि येथे आम्ही आमच्या खऱ्या दुखण्याशी येतो. हल्लीच्या उपदेशांची भाषा कोणी ऐकली आहे काय? ‘मी आशीर्वादित झालो’, ‘मला प्रार्थनेत आठवा’, ‘प्रभूने माझ्या हृदयावर हे ओझे ठेविले आहे’: ही वाक्ये मराठी अक्षरांत लिहिता येतात एवढ्यावरून ती मराठी ठरत नाहीत. भिवापुरात कोणत्याही बाईने आपल्या लेकीस ‘तू आशीर्वादित हो’ असे म्हटल्याचे आम्ही ऐकलेले नाही. इंग्रजी प्रवचने ऐकावी, रात्री त्यांचे भाषांतर करावे, सकाळी ते म्हणून दाखवावे, हा क्रम पडला म्हणजे अशी भाषा तयार होते. ही भाषाशुद्धीची कुरकुर आहे असे कोणी समजू नये. जो मनुष्य लोकांच्या ओसरीवर बसत नाही, त्यांच्या मयतीला स्मशानापर्यंत चालत जात नाही, त्यांच्या कापसाचा भाव पडला तेव्हा त्यांच्याबरोबर गप्प बसत नाही, त्याच्या तोंडी लोकांची भाषा येणार तरी कोठून? उपदेशाची मराठी हीच उपदेशकाच्या राहणीची पावती होय.

पंडिता रमाबाईंनी हे ओळखले होते. लहानपणी आईबापांबरोबर व पुढे भावाबरोबर तीर्थोतीर्थी पुराणे सांगत फिरलेल्या या विदुषीस संस्कृतप्रचुर मराठी लिहिणे मुळीच अवघड नव्हते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी आमच्या या मध्यप्रांतात येऊन शेकडो निराधार मुली व स्त्रिया उचलून नेल्या आणि केडगावच्या ‘मुक्ती’त त्यांस आसरा दिला. त्यानंतर आयुष्याची शेवटली वर्षे त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबलाचे मराठी भाषांतर करण्यात घातली; ते अशिक्षित बाईसही समजावे असा त्यांचा कटाक्ष होता. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला, आणि त्याचे खिळे जुळविणारे हात मुक्तीतल्या बायकांचेच होते. त्या भाषांतरातील सर्व शब्दयोजना आम्हांस पसंत आहे असे नाही. काही ठिकाणी ते फार रुक्ष झाले आहे. तथापि ज्यांच्यासाठी लिहावयाचे त्यांना आधी जेवू घालणारी, त्यांच्याबरोबर राहणारी लेखिका मराठीत दुसरी किती वेळा झाली?

आमच्या नागपुराचेच उदाहरण हवे असेल तर स्टीफन हिस्लॉप यांचे घ्यावे. १८४५ साली हा स्कॉटिश मिशनरी नागपुरास आला. त्यांच्या नावाचे महाविद्यालय १८८३ साली निघाले. त्यांनी शाळा काढली, दगड व अश्मास्थी गोळा केल्या, गोंडांच्या वस्त्यांत बसून त्यांच्या कथागीतांची टिपणे केली; ती टिपणे त्यांच्या मरणानंतर १८६६ साली छापली गेली आणि आजही अभ्यासक त्यांकडे वळतात. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात ते बुडाले. त्यांच्या धर्ममतांशी सहमत नसलेल्यांनीही त्यांची आठवण ठेविली. कारण हा मनुष्य सांगण्यासाठी आला होता, पण आल्यावर आधी ऐकू लागला.

आता मंडळीचीही थोडी झडती घेणे प्राप्त आहे, नाहीतर हा लेख एकतर्फी होईल. ‘उपदेशक पाहू नका’ हे वाक्य पाळकांनी उच्चारले खरे. पण ते आमच्या मंडळीने इतक्या सहज का गिळले? कारण उपदेशक पाहावयाचा नाही असे एकदा ठरले की श्रोताही पाहावयाचा उरत नाही. पाळक हा आपल्या वतीने पवित्र राहण्यासाठी ठेवलेला पगारी मनुष्य, अशी आमच्या सुशिक्षित घरांची समजूत होऊन बसली आहे. त्याने सिनेमा पाहू नये, आम्ही पाहावा. त्याने मुलीस हुंडा देऊ नये, आम्ही ‘प्रेमाने’ द्यावा. त्याने महारमांगांतून आलेल्या कुटुंबात जेवावे, आम्ही त्याचे कौतुक करावे आणि सोयरीक मात्र जुन्या जातीतच पाहावी. वाचकांपैकी जे हिंदू आहेत त्यांनी येथे हसू नये. कीर्तनकाराचे मानधन ठरविताना आणि त्याच्या वैराग्याची वाहवा करिताना त्यांच्याही घरी हाच व्यवहार चालतो. तुकोबांचे जे वचन या विषयावर सर्वांच्या जिभेवर असते, ते जिभेवरच राहते.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी आमच्याच नागपुरास सहा निरनिराळ्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली. त्यासाठी वाटाघाटी १९२९ पासून चालल्या होत्या. दीक्षा कोणाची वैध, बिशप असावेत की नसावेत, बाप्तिस्मा अर्भकास द्यावा की जाणत्यास, यांवर चाळीस वर्षे खल झाला. आणि तो व्हावयास हवाच होता. पण दीक्षित झालेल्या माणसाने आपल्या गल्लीत कसे राहावे, याविषयी तितक्या खोलात जाऊन विचार करणारी बैठक कोठे भरते?

रिचर्ड बॅक्स्टर या इंग्रज पाळकाने १६५६ साली पाळकांविषयीच एक पुस्तक लिहिले. किडरमिन्स्टर हे त्याचे गाव विणकरांचे. मंडळीत आठशेंवर कुटुंबे. आठवड्यातले दोन दिवस, सोमवार व मंगळवार, सकाळपासून जवळजवळ रात्रीपर्यंत तो व त्याचा साहाय्यक एकेका कुटुंबास वेळ देत. आठवड्यास सुमारे पंधरा कुटुंबे, म्हणजे वर्षात सारी मंडळी एकदा पुरी होई. उपदेशपीठावरून वर्षानुवर्षे ऐकूनही ज्यांना काही उमगले नाही, त्यांना अर्ध्या तासाच्या घरगुती बोलण्यात उमगले, असा त्याचा अनुभव होता. आमच्या भिवापुरासारख्या गावी ख्रिस्ती घरे मोजकीच. त्यांना पाळकाने आठवड्यास दोन दिवस दिले तर वर्ष कशास, एक पावसाळाही लागणार नाही. मात्र त्यासाठी त्याची बदली दर दोन वर्षांनी होऊन चालणार नाही, त्याचे वेतन नियमित व मंडळीच्या स्वतःच्या वर्गणीतून निघाले पाहिजे, आणि तो घरी आला असता टीव्ही बंद करून त्यास ओसरीवर बसवून घेण्याची तयारी आम्हां घरवाल्यांची असली पाहिजे. पहिल्या दोन गोष्टी वरिष्ठांकडे व मंडळीच्या सभेकडे मागावयाच्या आहेत, आणि त्या आम्ही मागणार आहोत. तिसरीस कोणाचीही परवानगी लागत नाही.